बहिणीची हुरहूर आणि मेंदूचा आलेख

छत्रपती संभाजीनगरात फिट येणाऱ्या पेशंटला डॉक्टर ईईजी काढायला पाठवतात. डोक्याला जेल लावून तारा बसवतात आणि पडद्यावर मेंदूच्या लहरी उमटू लागतात. या तपासणीचं मूळ टेलिपथीच्या, म्हणजे एका मनाचं दुसऱ्याला थेट कळण्याच्या, शोधात आहे.

1890च्या दशकाच्या सुरुवातीला हान्स बर्गर हा जर्मन तरुण लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, खुशाल आहेस ना? भाऊ संकटात आहे, असं दूर गावी बहिणीला एकाएकी वाटलं होतं. मनाची ऊर्जा मोजायचीच, या ध्यासाने बर्गर मेंदूकडे वळला. 1924 मध्ये त्याने माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या, 1929 मध्ये प्रसिद्ध केल्या. टेलिपथी मात्र हाती लागली नाही. डोक्याच्या कातडीवर या लहरी व्होल्टच्या काही लाखांश भागाइतक्याच उरतात. परगावी पोचण्याचं बळ त्यांच्यात कुठलं?

औरंगपुऱ्यातल्या माझ्या मावशीने एकदा मेथी निवडता निवडता पुण्यातल्या मुलाला फोन लावला. तो नुकताच बाइकवरून पडला होता. "माझ्या जिवाला कळलंच," ती म्हणते. तिची घालमेल खरीच होती. पण जीव खालीवर झाला आणि पोरगा मजेत निघाला, ते दिवस कोण लक्षात ठेवतं? मराठवाड्यातल्या हजारो आयांची लेकरं पुण्या-मुंबईला आहेत. कुणाची ना कुणाची काळजी नेमकी खरी ठरणारच.

म्हणून चुकलेले अंदाजही मोजावे लागतात. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये फलज्योतिष असंच तपासलं. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली. त्यातली 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवूनही निम्मी येतात. टेलिपथीसाठी अमेरिकेत जे. बी. ऱ्हाइन यांनी पाच चिन्हांचे 25 पत्ते वापरले. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच जुळतात. त्याहून वर गेलेले आकडे बंदोबस्त कडक झाल्यावर टिकले नाहीत.

एकदाच घडून गेलेल्या प्रसंगापुढे मात्र विज्ञानाचा इलाज चालत नाही. बर्गरच्या बहिणीला त्या दिवशी काय जाणवलं, ते ना सिद्ध करता येतं, ना खोडता येतं. ज्यांना वरचेवर अशी हुरहूर लागते, त्यांनी फोन लावण्याआधी कॅलेंडरवर वेळ टिपून ठेवावी, फुसकी निघालेली हुरहूरसुद्धा. वर्षभराची अशी पानं कुणी पाठवली, तर ती मी मनापासून वाचेन.