तलावातला कटला आणि कुरमुऱ्याची माशी

गळाने मासे धरण्याला कोकणात ‘गरवणे’ हा जुना शब्द आहे, आणि वसई-विरारमधील गोड्या पाण्याच्या तलावांकाठी चालणारे गरवणे हे मुख्यतः बसून राहण्याचे काम असते. काठीला किंवा नुसत्या हाताला बांधलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक पारदर्शक दोरी, तिच्या टोकाशी शिशाचा तुकडा, त्याखाली कणकेच्या गोळ्यात दडवलेला गळ, आणि पाण्यावर मोराच्या पिसाच्या दांडीचा तरंगता तुकडा एवढ्या सामग्रीवर तासन्‌तास भागते. कणकेचा वास पाण्यात पसरावा, माशाने तो ओळखावा आणि दांडीने मान हलवून काठावरच्या माणसाला खबर द्यावी, अशी ही व्यवस्था असते. माशी वापरून गरवण्याची पद्धत, जिला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात, नेमकी याच्या उलट आहे. तिथे वास नाही, वजन नाही, बसणेही नाही. पिसे, केस आणि दोरा गळावर गुंडाळून केलेली खोटी माशी माशाच्या डोळ्यांसमोर ठेवायची असते, आणि त्यासाठी आधी मासा माणसाला दिसावा लागतो.

अशी माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून या पद्धतीत वजन आमिषात नसून दोरीत असते. सुमारे नऊ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे झुलवून जाड, लेपन केलेली दोरी आसुडासारखी हवेत उलगडली जाते. त्या दोरीच्या टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या तंगुसाचा आठ-दहा फुटी तुकडा असतो आणि माशी त्याच्या शेवटी. मागे झुलणाऱ्या दोरीला मागे मोकळी जागा लागते, आणि वसईत अडचण नेमकी तिथे येते. पापडीच्या किंवा निर्मळच्या तलावासारख्या वस्तीतल्या तलावांभोवती रस्ता, झाडे आणि रहदारी असते. वाड्यांमधली बावखले, म्हणजे पावसाचे व झिरपलेले गोडे पाणी साठवून केळी व पानवेलींना पुरवण्यासाठी खणलेली तळी, त्याहून अरुंद. कित्येक तर बुजवलीही गेली आहेत. अशा जागी दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे लोटण्याची रीत वापरावी लागते. तिने अंतर कमी मिळते, पण मागून जाणाऱ्या माणसाचा कान गळात अडकत नाही.

या पाण्यांतले मोठे मासे बहुधा इथले नाहीत, ही गोष्ट गरवणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावी. कटला, रोहू आणि मृगळ या उत्तर भारतातील नद्यांच्या जाती आहेत. पुराच्या वाहत्या पाण्याची चाहूल लागल्यावाचून त्या अंडी घालत नाहीत आणि बंदिस्त तलावात त्यांची वीण सहसा होत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांना अंडी घालायला लावले, आणि त्यानंतर मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्ले, व त्यापुढच्या वाढीची बोटुकली खात्रीने पुरवता येऊ लागली. चिनी मूळ असलेले गवत्या आणि चंदेरा हे मासे १९५९ साली देशात आणले गेले. तेव्हा तलावातला पाच-सात किलोचा कटला हा निसर्गाची देणगी म्हणण्यापेक्षा कुणीतरी पावसाळ्यात पिशवीतून आणून सोडलेला जीव म्हणणे अधिक बरोबर ठरते.

या जातींची तोंडे पाहिली की माशीने कोणता मासा लागेल हे बरेचसे ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो, म्हणून एकेक किडा टिपण्याची सवय त्याला फारशी नसते. मृगळ तळाशी चरतो. सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प, तोंडाशी असलेल्या चार मिशांनी चिखल चाचपतो आणि तोंड नळीसारखे पुढे काढून अळ्या ओढून घेतो. लहान, बुडत्या माशीला सर्वांत उत्सुकतेने भिडतो तो हाच. गवत्या तर हिरव्या पानाच्या तुकड्यासारख्या माशीकडेही वळतो. कार्पकुळातील माशांच्या वाताशयातून कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी जाते आणि त्यामुळे त्यांना आवाज फार चांगला कळतो. काठावर धपधप पावले टाकणाऱ्याच्या नशिबी म्हणूनच रिकामे पाणी येते.

अडचण पाण्याच्या रंगाची आहे. शैवालाने हिरव्या झालेल्या तलावात वीतभर खालचेही दिसत नाही, मग मासा शोधून त्याच्यापुढे माशी ठेवणे दूरच. पहाटे पृष्ठभागावर तोंडे उघडताना दिसतात, पण नवखा तिथेच फसतो: रात्रभर शैवाल आणि मासे मिळून पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि ते उघडे तोंड भुकेचे नसून श्वासासाठीचे असते. अशा वेळी माशी टाकणे व्यर्थ आणि काहीसे निर्दयही. खाणारा मासा उन्हे वर आल्यावर ओळखता येतो. तो एका रेषेत फिरतो आणि त्याचे तोंड तालात उघडते.

मात्र हिरव्या पाण्यातही मासे वर येतात अशी एक वेळ असते, आणि ती माणसांनी घडवलेली आहे. देवळाजवळच्या किंवा फिरायच्या तलावावर लोक कुरमुरे आणि पावाचे तुकडे टाकतात, आणि काही दिवसांतच मासे त्या जागेला, त्या वेळेला येऊन थांबतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’तील मत्स्यविनोदाच्या प्रकरणातही माशांना आधी खाऊ घालून मग गळ टाकण्याचा विचार आहे. एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८८७ मध्ये भारतातील तलावांच्या गळमारीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरूनही हे पाणी वेगळा विचार मागते हे उघड होते. तलावावरच्या माशीने इंग्लंडच्या ओढ्यातल्या किड्याची नक्कल करण्याचे कारण नाही. पांढऱ्या फोमचा किंवा केसांचा, कुरमुऱ्याएवढा, तरंगता तुकडा तिथल्या माशाला अधिक ओळखीचा असतो. हातभर अंतर सोडून खरे कुरमुरे टाकावेत, खोटा त्यांच्याबरोबर वाहू द्यावा, ओढू नये. ओढला की त्याच्यामागे पाण्यावर रेघ उमटते आणि मासा वळसा घालून निघून जातो. तोंड बंद झाल्याचे दिसल्यावरच काठी उचलायची असते, कारण घाईने उचलल्यास माशी उघड्या तोंडातून बाहेर येते.

अडकलेला मोठा कार्प सहसा उडी घेत नाही, तो खोल पाण्याकडे किंवा झाडोऱ्याकडे सरळ धावतो. अशा वेळी दोरी हाताने धरून ठेवली तर तंगूस तुटतो. रिळाच्या रोधकावर त्याला पळू देत, काठी आडवी वळवून त्याचे तोंड फिरवत राहावे लागते. जिथे गरवण्याची परवानगी असेल तिथेच हे करावे, कारण अनेक तलावांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि पाणीपुरवठ्याच्या धरणांवर वेगळे निर्बंध असतात. मासा सोडायचा असेल तर दाताविनाचा गळ वापरावा, हात आधी पाण्यात ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही. आणि त्याचे डोके पाण्यात ठेवून तो स्वतःच शेपूट हलवून हातातून निघेपर्यंत थांबावे.