सुरीचं वय ठशावरून किती कळतं?

जुन्या बाजारात मिळालेल्या, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या न मिटणाऱ्या सुरीचं वय ठरवताना पहिली नजर जाते ती मुठीलगत पात्यावर उमटवलेल्या ठशाकडे. पण ठसा नेमकं साल सांगत नाही. सुरी कोणत्या काळाआधीची नसावी, एवढंच सुचवतो. ठशात ‘इंग्लंड’ असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘स्टेनलेस’ असेल तर १९१३ नंतरची. त्या साली हॅरी ब्रियर्लीने शेफिल्डमध्ये हे पोलाद तयार केलं.

मग ‘इंग्लंड’ नसलेली सुरी १८९१ पूर्वीची मानायची का? नाही. ती सक्ती अमेरिकेत जाणाऱ्या मालापुरती होती. कारखान्याच्या नावावरही विसंबता येत नाही. नामांकित ठसे पिढ्यान्‌पिढ्या चालत, विकले जात, त्यांची नक्कलही होई. म्यान तर सहज बदलता येतं. म्हणून मूठ भिंगाखाली धरावी. रिव्हेटभोवती ताजे ओरखडे किंवा पात्याच्या बुडाशी फट दिसली, तर मूठ मागाहून बसवलेली असू शकते. मूळ भागांपैकी जो सर्वांत अलीकडचा, तोच सुरीच्या वयाची मर्यादा ठरवतो.