देवळातील वकिलात

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत यवनांच्या दानाचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील या नगरीत परका म्हणून ओळखला जाणारा माणूस स्थानिक दात्यांच्या पंक्तीत, त्यांच्याच प्राकृत भाषेत नाव कोरून बसला.

त्यानंतर सतरा-अठरा शतकांनी, जपानमधील एका बौद्ध मंदिरात याच्या नेमके उलट घडले. एडोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, तोझेन्जी हे झेन पंथाचे मंदिर १८५९ मध्ये ब्रिटिश वकिलातीला देण्यात आले. ५ जुलै १८६१ च्या रात्री मितो संस्थानातील, धन्याची चाकरी सोडलेल्या सामुराईंनी तेथे तलवारी घेऊन प्रवेश केला. वकील रदरफोर्ड अल्कॉक बचावले. लॉरेन्स ऑलिफंट व जॉर्ज मॉरिसन हे अधिकारी जखमी झाले. पुढल्याच वर्षी, मंदिराच्या पहाऱ्यावरील एका जपानी शिपायाने दोघा ब्रिटिश रक्षकांना ठार केले.

या प्रकाराला केवळ धर्मवेड वा परकीयद्वेष म्हणणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. १८५८ च्या तहांनी जपानची बंदरे खुली झाली, जकातीचे दर बांधले गेले आणि परकीयांना जपानी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. त्यावेळी जपानमध्ये सोन्याचा भाव चांदीच्या सुमारे पाचपट, तर बाहेरच्या जगात पंधरापट होता. चांदी आणावी, सोने न्यावे आणि तिप्पट मोल करावे, असा व्यवहार सुरू झाला. तो थांबविण्यासाठी सरकारने १८६० मध्ये सुवर्णनाण्यातील सोने घटविले, तेव्हा महागाई भडकली. ठरीव तनख्यावर जगणाऱ्या सामुराईला तिची झळ सर्वाधिक बसली. त्याला या आपत्तीचा चेहरा मंदिरातील वकिलातीत दिसला.

मात्र तलवारीने तह बदलला नाही. तहातील न्यायविषयक सवलती १८९९ मध्ये संपल्या आणि जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य १९११ मध्ये मिळाले, तेही कायदे, उद्योग व सामर्थ्य उभे केल्यावर, वाटाघाटींतून.

परकी भांडवलाचे स्वागत करावे की त्याला विरोध करावा, हा वाद आपल्याकडेही वारंवार रंगतो. त्यात परका कोण याची चर्चा फार होते, आणि तो कोणत्या अटींवर येतो याची कमी. जुन्नरच्या यवनाने येथे टाकी बांधली. एडोचा वकील लादलेल्या तहाच्या बळावर आला. पाहुण्याचे मोल या फरकावरून ठरवायचे असते.