सुटका झालेल्या कोंबडीचे दुखणे

इंग्लंडातील अंडी-व्यवसायात कोंबडीच्या उपयुक्ततेची मुदत साधारणतः दीड वर्षाच्या वयास संपते. अंड्यांची संख्या घटू लागली आणि कवचे पातळ होऊ लागली, की दाण्याचा खर्च परवडेनासा होऊन सबंध कळपाची रवानगी कत्तलखान्याकडे होते. या रवानगीपूर्वीच कोंबड्या मालकांकडून मागून घ्याव्यात आणि त्या परसदारी पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबांच्या हवाली कराव्यात, अशी तजवीज जेन हॉवर्थ यांनी २००५ साली डेव्हनमध्ये संस्था काढून केली. तीच आज ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट या नावाने ओळखली जाते. युरोपीय कायद्यान्वये १ जानेवारी २०१२ पासून जुन्या पद्धतीचे पिंजरे बंद झाले. पण त्यांच्या जागी आलेल्या सुधारित पिंजऱ्यांतही दर कोंबडीस किमान ७५० चौरस सेंटीमीटर एवढ्याच जागेची तरतूद आहे. तेथून पिसे झडलेल्या, फिकट तुरा लोंबणाऱ्या स्थितीत आलेली कोंबडी काही आठवड्यांतच सावरते, माती उकरू लागते, आणि घरच्यांना वाटते की संकट टळले. परंतु तिचे मूळ दुखणे पिंजऱ्यात मागे राहिलेले नसते. ते तिच्या वंशातच पेरलेले असते.

कोंबडीचा आद्य पूर्वज असलेली रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. निवडक पैदाशीने घडविलेली आजची संकरित कोंबडी तीनशेच्या वर अंडी देते. आपल्याकडील पोल्ट्र्यांत सर्वत्र दिसणारी, पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० ही जातही याच प्रकारची होय. एक अंडे तयार होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात, आणि त्यांतील वीसएक तास केवळ कवच घडण्यात जातात. या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तिच्या अंगातील एकूण साठ्याच्या जवळजवळ दहावा हिस्सा, खर्ची पडतो. आणि हे काम बहुतांशी रात्री, पोटात दाणा नसताना चालत असल्यामुळे हाडांच्या खजिन्यातून उचल करणे भाग पडते. या उचलीची पुरती भरपाई कधीच होत नाही. हाडे ठिसूळ होतात, छातीचे हाड मोडते, आणि कॅल्शियम फारच खालावले तर चालती कोंबडी एकाएकी पाय गळून बसते.

अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावण्यासही कॅल्शियमच लागत असल्यामुळे पुढे अंडे अडकण्याचा प्रसंग येतो. शेपूट खाली टाकून उभीच्या उभी राहिलेली, वारंवार कुंथणारी कोंबडी दिसली, की तिला उबदार, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवून विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. आतले अंडे दाबून फोडण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण त्याचे तुकडे नलिकेस इजा करतात. कधी कुंथून कुंथून आंग बाहेर येते. कधी बलक नलिकेत न शिरता उदरपोकळीत पडतो, तेथे जंतूंची वाढ होऊन पोट फुगते, आणि उदरावरणाच्या या दाहात पुष्कळ कोंबड्या दगावतात. अंडाशयाचा कर्करोग तर या पक्ष्यात आपोआप उद्भवण्याचे प्रमाण इतके मोठे आहे, की स्त्रियांच्या त्याच व्याधीचे संशोधन करण्यासाठी शास्त्रज्ञ कोंबडीचाच अभ्यास करतात.

उपचार आहेत, पण मर्यादित आहेत. अंड्यावरच्या कोंबडीसाठी केलेले खाद्य चालू ठेवावे आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावा. सायंकाळी खाल्लेला हा चुरा पेषणीत रात्रभर हळूहळू विरघळतो आणि हाडांवरचा भार हलका करतो. बसण्याचा दांडा फार उंच नसावा, कारण तेथून उडी मारताना दुबळे हाड मोडते. खुराड्याच्या फटींत दिवसा दडून रात्री रक्त शोषणाऱ्या लाल किडींचा शोध घ्यावा. प्रदीर्घ काळ अंडी घालून थकलेल्या, वारंवार आजारी पडणाऱ्या कोंबडीस संप्रेरकाचे रोपण करून काही महिने अंडी थांबविता येतात. तो निर्णय मात्र पशुवैद्याचा.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य मात्र पाळणाऱ्याच्या अपेक्षेचे आहे. हिवाळ्यात दिवस लहान झाला की कोंबडी पिसे टाकते आणि अंडी थांबविते; व्यवसायात चौदा-सोळा तास दिवे लावून हीच विश्रांती टाळलेली असते. परसदारच्या खुराड्यात तसे दिवे लावणे म्हणजे ज्या चाकरीतून तिला सोडविले तिच्यातच पुन्हा जुंपणे होय. म्हणून सुटका केलेली कोंबडी घरी आणू पाहणाऱ्याने, अंडी बंद झाल्यावरही दाणा, निवारा आणि औषध आपण देणार आहोत काय, हे आधीच ठरवावे. कारण तिच्या अंगावर अंड्यांचा जो बोजा माणसाने लादला, तो उतरविण्याचे दायित्वही माणसाचेच आहे, आणि ते पत्करल्याखेरीज तिची सुटका पुरी झाली असे म्हणता येणार नाही.