हाडांत नोंदलेली हजेरी

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत मी राहतो त्या गल्लीच्या टोकाला भंगारचे दुकान आहे. अंधार पडला की त्यामागे जुन्या तारांची वेटोळी पेटवतात; वरचे वेष्टन जळते, आतले तांबे हाती लागते. तो धूर नाकात शिरला की मला घोड नदीकाठचे इनामगाव आठवते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत खणली. अवजारे आणि भट्ट्या यांवरून उत्खननकर्त्यांनी कुंभाराचे, सोनाराचे घर ओळखले. दोनशेहून अधिक दफनेही सापडली. पण घर ओळखणे वेगळे आणि त्या घरात राबलेला माणूस ओळखणे वेगळे.

हे दुसरे काम रसायनशास्त्र करू पाहते. श्वासातून वा अन्नातून शरीरात गेलेले शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडात ठाण मांडते. दातांचे कवच बालपणीच घडते, हाड मात्र आयुष्यभर नवे होत राहते. म्हणून दातात कमी आणि हाडात अधिक शिसे आढळले, तर ते मोठेपणी आले असे अनुमान करता येते. जॉर्डनमधील वादी फायनान येथे प्राचीन तांबेखाणींजवळ पुरलेल्या काही सांगाड्यांत तांबे व शिसे वाढलेले आढळले आहे.

येथे सावधगिरीही हवी. मातीतील धातू पुरलेल्या हाडात झिरपतो. अंगावरच्या तांब्याच्या दागिन्यानेही हाड हिरवे पडते. त्यामुळे भोवतालच्या मातीची तपासणी केल्यावाचून निष्कर्ष काढणे म्हणजे मृताच्या नावावर खोटा व्यवसाय लिहिणे होय. शिवाय भट्टीजवळ राहणारी, धूर गिळणारी मुले कारागीर नव्हती. हाड मात्र हा भेद सांगत नाही.

हाच मुद्दा मला अस्वस्थ करतो. तारांच्या वेष्टनात पुष्कळदा शिशाची संयुगे असतात. भारतातील सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने मांडला. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले; पण गल्लीतला धूर नियमपुस्तक वाचत नाही.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला ओळखण्यासाठी आपण त्याचे हाड प्रयोगशाळेत नेतो. आजच्या कारागिराचे रक्त, तो जिवंत असताना, तपासायला एक सुई पुरते. त्याच्या हजेरीची नोंद हाडांत होण्याआधी आपल्या दप्तरी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.