इंग्रजी संभाषण परीक्षेतील जोडीचर्चा : स्वरूप, अडचणी आणि पूर्वतयारी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून 2000 सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकविला जातो. म्हणजेच आज पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने किमान बारा वर्षे इंग्रजीचे अध्ययन केलेले असते. तरीही एखाद्या विषयावर दोन मिनिटे बोलण्यास सांगितले असता तो पाठ केलेले निवेदन म्हणून दाखवितो आणि शेजारच्या विद्यार्थ्याशी त्याच विषयावर चर्चा करण्यास सांगितले असता दोघेही प्राध्यापकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हा अनुभव नाशिक शहरातील महाविद्यालयांत येतो, तसाच पेठ, सुरगाणा, कळवण येथील महाविद्यालयांतही येतो. दोन परीक्षार्थींनी परस्परांशी बोलावयाची ‘जोडीचर्चा’ ही इंग्रजी संभाषण परीक्षेतील पायरी आपल्या विद्यार्थ्यांना नेमकी का अडते आणि तिची पूर्वतयारी महाविद्यालयीन वर्गात कशी करून घेता येईल, याचे विवेचन करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

जोडीचर्चेचे स्वरूप

इंग्रजीच्या सर्वच संभाषण परीक्षा एकाच पद्धतीने घेतल्या जात नाहीत. परदेशी शिक्षणासाठी आपल्याकडे सर्वपरिचित असलेल्या ‘आयेल्ट्स’ परीक्षेत एक परीक्षक व एक परीक्षार्थी यांची 11 ते 14 मिनिटांची मुलाखत असते. ‘टोफेल’च्या 2005 मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट-आधारित परीक्षेत विद्यार्थी संगणकासमोर ध्वनिग्राहकात बोलतो. केंब्रिजच्या परीक्षांचा मार्ग मात्र वेगळा आहे. त्यांच्या ‘बी-2 फर्स्ट’ परीक्षेत सर्वसाधारणपणे दोन परीक्षार्थी व दोन परीक्षक असतात. एक परीक्षक प्रश्न विचारतो. दुसरा संभाषणात भाग न घेता केवळ ऐकतो व गुणांकन करतो. परीक्षार्थींची संख्या विषम असल्यास शेवटचा गट तिघांचा होतो.

जोडीसाठी सुमारे 14 मिनिटांच्या या परीक्षेचे चार भाग पडतात : प्रारंभीची प्रश्नोत्तरे, छायाचित्रांवरील स्वतंत्र निवेदन, जोडीचर्चा आणि त्याच विषयाला धरून परीक्षकाच्या प्रश्नांवरील विस्तृत चर्चा. जोडीचर्चेत एक मध्यवर्ती प्रश्न व त्याभोवती पाच मुद्दे छापलेला कागद दिला जातो. तो वाचण्यास काही सेकंद मिळतात. नंतर दोघांनी सुमारे दोन मिनिटे आपापसात चर्चा करावयाची असते आणि त्यानंतर सुमारे एक मिनिटात एखाद्या निर्णयाकडे यावयाचे असते. निर्णय कोणता झाला यास गुण नसतात. किंबहुना एकमत न झाले तरी गुण कमी होत नाहीत. व्याकरण व शब्दसंपत्ती, विधानांची संगती आणि उच्चारण यांच्या जोडीने ‘परस्परसंवाद’ हा येथे स्वतंत्र निकष आहे. परीक्षार्थींची एकमेकांशी तुलना केली जात नाही. प्रत्येकाचे गुणांकन स्वतंत्रपणे होते.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

भाषेचे ज्ञान आणि संवादाची क्षमता या दोन बाबी भिन्न आहेत, हा विचार क्लेअर क्राम्श यांनी 1986 मध्ये ठामपणे मांडला. युरोपीय परिषदेच्या 2001 मधील भाषासंदर्भ चौकटीने निवेदन व परस्परसंवाद यांना वेगळे स्थान दिले. एव्हेलिना गलाची यांनी 2008 मध्ये केंब्रिजच्या याच स्तरावरील परीक्षेतील जोड्यांच्या संभाषणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहयोगी, समांतर व विषम असे परस्परसंवादाचे प्रमुख आकृतिबंध आणि त्यांची मिश्रणे त्यांना आढळली. सहयोगी जोडीत एकाच्या मुद्द्यावर दुसरा आपला मुद्दा उभारतो. समांतर जोडीत दोघेही भरपूर बोलतात, पण आपापलेच. विषम जोडीत एक बोलतो व दुसरा केवळ अनुमोदन देतो. सहयोगी जोड्यांना परस्परसंवादाचे गुण अधिक मिळतात, असेही या अभ्यासातून दिसून आले.

आपल्या परंपरेतही या भेदाची जाणीव होतीच. न्यायशास्त्राने चर्चेचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार मानले. तत्त्वनिर्णयासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा. आपल्या महाविद्यालयांतील ‘वादविवाद स्पर्धा’ नावाने वाद असली, तरी प्रत्यक्षात ती जल्पाचीच तालीम होय. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून आजच्या वक्तृत्व स्पर्धांपर्यंत महाराष्ट्राने व्यासपीठावरील एकट्या वक्त्याची मोठी परंपरा जोपासली. ती निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु जोडीचर्चेस लागणारा गुण तिच्यातून आपोआप येत नाही. वक्तृत्वात पारितोषिक मिळविलेला विद्यार्थी जोडीचर्चेत समांतर बोलत राहतो, याचे कारण येथे आढळते.

विद्यार्थ्यांच्या अडचणी

पहिली अडचण मूल्यमापनाच्या सवयीची आहे. बारावीच्या इंग्रजी विषयात 80 गुण लेखी व 20 गुण तोंडी परीक्षेस आहेत. पाठ्यपुस्तकात गटचर्चेचा समावेश आहे. मात्र लेखी कृतिपत्रिकेत ती लेखनकौशल्याचा प्रश्न म्हणून येते. चारही सहभागींची वाक्ये एकच विद्यार्थी लिहितो. अशा चर्चेत कोणी मध्येच बोलत नाही, कोणी गप्प बसत नाही आणि अनपेक्षित असे काहीच घडत नाही.

दुसरी अडचण संस्काराची आहे. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, हे आपल्या घरात शिकविले जाते. ग्रामीण व आदिवासी भागातून आलेला विद्यार्थी सहकाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो. त्याची ही शालीनता परीक्षकास मात्र असमर्थता वाटण्याचा संभव असतो. दुसऱ्याचे बोलणे न तोडता आपली पाळी घेणे हे कौशल्य आहे व ते शिकविता येते, हे या विद्यार्थ्यास कोणीतरी सांगणे आवश्यक आहे.

तिसरी अडचण भाषेच्या घडणीतून येते. मराठीत मतभेद सौम्य करण्याचे काम ‘हो’, ‘ना’, ‘अगं’, ‘बरं का’ यांसारखे छोटे शब्द करतात. ‘नाही हो, तसं नाही’ या वाक्यात दुखावणारे काही नसते. हेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘हो’ गळून पडतो आणि उरते ते ‘नो, यू आर राँग’. विद्यार्थी उद्धट नसतो. त्याचे सौम्यतेचे साधन वाटेत हरवलेले असते. इंग्रजीत ते काम ‘आय सी युवर पॉइंट, बट’, ‘आय ॲम नॉट सो शुअर’, ‘डोन्ट यू थिंक’ अशा रचनांकडून करून घ्यावे लागते.

पूर्वतयारीचे टप्पे

पहिला टप्पा ऐकण्याचा असावा. सहकाऱ्याच्या शेवटच्या विधानातील एखादा शब्द उचलल्याशिवाय आपले वाक्य सुरू करावयाचे नाही, एवढा एकच नियम घालून द्यावा. उदाहरणार्थ, ‘नाशिकला प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास काय दाखवावे?’ हा प्रश्न आणि पांडवलेणी, काळाराम मंदिर, फाळके स्मारक, अंजनेरीचे नाणेसंग्रहालय व दिंडोरीच्या द्राक्षबागा हे पाच मुद्दे घेता येतील. एकाने लेण्यांच्या पायऱ्यांचा उल्लेख केल्यास दुसऱ्याने थेट द्राक्षबागांकडे वळू नये. पाहुणे वृद्ध असल्यास पायऱ्या कशा जमतील, असे विचारून मग पर्याय सुचवावा. परिचित विषयामुळे काय बोलावे ही चिंता मिटते व कसे बोलावे याकडे लक्ष देता येते.

दुसरा टप्पा पाळी देण्या-घेण्याचा आहे. ‘व्हॉट डू यू थिंक?’ हा एकच प्रश्न विद्यार्थी प्रत्येक वाक्यानंतर जोडतात आणि तो यांत्रिक होतो. त्याऐवजी सहकाऱ्याच्या म्हणण्याचे कारण विचारणे, उदाहरण मागणे, अडचण दाखविणे अशा प्रश्नांचा सराव करून घ्यावा. मितभाषी सहकाऱ्यास प्रश्न विचारून बोलते करणे आणि फार बोलणाऱ्यास ‘कॅन आय ॲड समथिंग हिअर?’ असे म्हणून थांबविणे, या दोन्ही प्रसंगांचा अभिनय वर्गात व्हावा.

तिसरा टप्पा निर्णयाकडे येण्याचा. पहिल्या अर्ध्या मिनिटातच ‘काळाराम मंदिर सर्वोत्तम’ असे दोघांनी ठरविले, तर उरलेल्या वेळात बोलण्यासारखे काही राहत नाही. चर्चेच्या दोन मिनिटांत मुद्दे तोलावेत. निर्णय शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवावा. पाचही मुद्दे संपविलेच पाहिजेत असेही नाही.

मोठ्या वर्गाचा प्रश्न रास्त आहे. 80 विद्यार्थ्यांच्या 40 जोड्या होतात आणि प्रत्येकीस तीन मिनिटे दिल्यास दोन तास लागतात. तथापि सर्वांनी एकाच वेळी बोलण्यास प्रत्यवाय नसावा. तिघांचे 26 गट करावेत व उरलेल्या दोघांना दोन गटांत चौथे म्हणून सामावून घ्यावे. दोघे बोलतात, इतर निरीक्षण करतात. नंतर भूमिका बदलतात. निरीक्षकाने चारच गोष्टी टिपाव्यात : कोणी प्रश्न विचारला, कोणी दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला, कोणी किती वेळ गप्प होते, नजर कोणाकडे होती. प्रत्येक फेरीस पाच मिनिटे धरल्यास तीन फेऱ्या पंधरा मिनिटांत होतात. वर्गात गलबला होईल. तो सहन करावा. वरचेवर जोड्या बदलणेही आवश्यक आहे, कारण परीक्षेत सहकारी कोण येईल हे आपल्या हाती नसते.

मर्यादा

दोघांनी मिळून घडविलेल्या संभाषणात एकाचे कर्तृत्व वेगळे कसे काढावयाचे, हा प्रश्न टिम मॅक्नामारा यांनी 1997 मध्ये उपस्थित केला. तो पूर्णतः सुटलेला आहे असे म्हणता येत नाही. म्हणूनच महाविद्यालयीन अंतर्गत मूल्यमापनात जोडीचर्चा वापरताना प्रत्येक विद्यार्थ्यास किमान दोन वेगवेगळ्या सहकाऱ्यांसह बोलण्याची संधी देणे न्याय्य ठरेल.

समारोप

जोडीचर्चेची तयारी म्हणजे ठरावीक वाक्ये पाठ करणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे समजून घेऊन त्यास उत्तर देणे, मतभेद सौजन्याने मांडणे आणि मागे राहिलेल्यास सोबत घेणे ही तिची अंगे होत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोडेच केंब्रिजच्या परीक्षेस बसतील. पण नोकरीच्या मुलाखतीत, बँकेच्या खिडकीपलीकडे अथवा ग्रामसभेत बोलावे सर्वांनाच लागते. तेथे समोर नेहमीच दुसरा माणूस असतो. त्याच्याकडे पाहून बोलण्याची सवय इंग्रजीच्या तासाला लागली, तर तिचा लाभ मराठीतही झाल्यावाचून राहणार नाही.