पडदा दुभागतो, कादंबरी नाही

महाडवर कादंबरी लिहायला घेतली की 1927 सालचे दोन प्रसंग एकमेकांत मिसळू लागतात. 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागोमाग हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर जाण्याचा बेत मात्र कोर्टाच्या मनाई हुकुमामुळे तेव्हा पुढे ढकलावा लागला. कादंबरीत या दोन प्रसंगांमध्ये दीडशे पानं असू शकतात. चौथ्या प्रकरणात काय लिहिलं होतं, ते सतरावं लिहिताना नीट आठवत नाही, मग मार्चमधलं पात्र डिसेंबरातलं बोलून बसतं. एडिटर उभा दुभागून दोन प्रकरणं शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय अशाच वेळी कामाला येते. पण तिच्याबद्दलच्या चुकीच्या समजुतींमुळे बरेच जण तिच्या वाटेला जात नाहीत, आणि जे जातात त्यांतले काही भलत्याच भरवशावर राहतात.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे पडद्यावर दोन भाग दिसले की मजकुराच्या दोन प्रती झाल्या. तसं होत नाही. स्क्रिव्हनर या लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच प्रसंग दोन्हीकडे उघडला आणि डावीकडे एक ओळ खोडली, तर ती उजवीकडूनही जाते, कारण मजकूर एकच असतो. आपण तो दोन ठिकाणांहून पाहत असतो. जुना खर्डा जपायचा असेल तर बदल करण्याआधी ‘स्नॅपशॉट’ घ्यावा लागतो. आणि स्नॅपशॉटही त्याच संगणकावर राहतो. जुलै 2021 मध्ये महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा घराघरांतले कागद आणि यंत्रं चिखलात गेली. सावित्री-गांधारी नद्यांच्या काठी राहून लिहिणाऱ्याने तरी हस्तलिखिताची एक प्रत गावाबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, ठेवलीच पाहिजे. दुभागलेला पडदा त्या कामाचा नाही.

‘उजवीकडे उघडलेली टिपणं आपोआप गायब होतात’ ही तक्रारही नेहमीची. ती गायब होत नाहीत. ज्या भागात शेवटचं क्लिक केलं तोच भाग चालू असतो, आणि यादीतून नवं प्रकरण निवडलं की ते तिथेच उघडतं, आधीचं मागे जातं. स्क्रिव्हनरमध्ये ‘लॉक इन प्लेस’ म्हणून पर्याय आहे. टिपणांच्या भागाला तो लावला की यादीत काहीही निवडा, टिपणं जागची हलत नाहीत.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं असंही नाही. वर्डमध्ये ‘स्प्लिट’ आहे, पण तो पडदा आडवा कापतो, एक भाग वर, एक खाली. शेजारी-शेजारी हवं असेल तर ‘न्यू विंडो’ घेऊन ‘व्ह्यू साइड बाय साइड’ करा आणि ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ बंद करा. नाहीतर एक पान सरकवलं की दुसरंही सरकतं आणि माणूस वैतागून सगळंच बंद करतो. लिबरऑफिस फुकट आहे, त्यातही तीच फाइल दुसऱ्या विंडोत उघडता येते. नॉव्हेलरायटर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एका बाजूला लिहू देतं, दुसऱ्या बाजूला फक्त वाचू देतं. मला ही पद्धत आवडते, कारण पाहायला ठेवलेल्या प्रकरणात चुकून हात जात नाही.

‘मराठी चालत नाही’ यात थोडं तथ्य आहे. युनिकोड मराठी चालते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली टिपणं मात्र शेजारी उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. त्याहून चकवणारी गोष्ट ‘ऱ्य’ची. पोलादपूरच्या दऱ्यांचं वर्णन करणाऱ्याला ते अक्षर पानोपानी लागतं. ते कधी खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने टाइप होतं, तर कधी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक टाइप केलं तर दुसरं सापडत नाही. ‘दऱ्या’ शोधून काही मिळालं नाही म्हणून तो शब्द कादंबरीत नाहीच, असं धरून चालू नका.

आणि दोन भाग शेजारी ठेवले की चुका सॉफ्टवेअर दाखवेल, ही आशा तर सोडूनच द्यावी. तुमचा नायक 1927 साली सावित्रीवरच्या जुन्या दगडी पुलावरून महाडात येतो, असं समजा. वाक्य देखणं असेल, व्याकरण चोख असेल. पण 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळलेला तो पूल 1928 साली बांधलेला होता. हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. उजव्या भागात तुम्हीच केलेली तारखांची यादी उघडी असेल, तरच नजर अडते. त्या यादीत बऱ्याच नंतर आलेली कोकण रेल्वे हवी, म्हणजे 1927 मधलं कुणी वीर स्टेशनावर उतरणार नाही. डिसेंबरच्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघून दासगावला उतरले, हेही हवं. आणि तळं खुलं करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा आहे, हे तर ठळकपणे हवं. तो ठराव कागदावर होता आणि अस्पृश्य मानली गेलेली माणसं तळ्याला शिवू शकत नव्हती; सत्याग्रह त्यासाठीच झाला. 1927 च्या प्रसंगात एखादं पात्र ‘ठराव झाला तर बरं होईल’ म्हणालं, तर संघर्षाचं कारणच पुसलं जातं. कोर्टातली लढाई पुढे दहा वर्षं चालली, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मार्च 1937 मध्ये लागला. म्हणजे 1930 मधल्या प्रकरणात निकालाचे पेढेही वाटता येत नाहीत.

म्हणून पडदा कायम दुभागलेला असावा, हाही गैरसमजच. पहिला खर्डा लिहिताना एकच भाग मोठा करून लिहावं. शेजारी जुनं प्रकरण दिसत राहिलं की हात तेच दुरुस्त करत बसतो आणि नवं पान पुढे सरकत नाही. खर्डा पुरा झाल्यावर मात्र डावीकडे प्रकरण, उजवीकडे तारखांची यादी घेऊन एक फेरी करावी. दुसऱ्या फेरीत यादीच्या जागी त्याच पात्राचं आधीचं प्रकरण ठेवावं आणि त्याचं वय, नाती, बोलण्याची ढब ताडून पाहावी.